डग्ग्याची शाई मधोमध नसते: तबलावादकाच्या कार्डासाठी साधा लोगो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही तबला वाजवता, इंदिरानगरला घरीच क्लास घेता, गाणाऱ्यांना साथीला जाता, आणि आता व्हिजिटिंग कार्ड छापायचंय तर त्यावर एक साधासा लोगो हवाय. मोबाईलच्या ॲपवर केलेला एक नमुना पण तुम्ही पाठवलाय आणि विचारलंय की हा चालेल का, नाहीतर काय काढू, आणि हे माझं मला जमेल का. मी गेली २३ वर्षं नाशकात डीटीपी, पत्रिका, कार्डं, लोगो हेच काम करतोय, त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची कामं बरीच झाली, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. ताई, तो नमुना छापू नका. आणि हो, तुमचं तुम्हाला नक्की जमेल, चित्रकला येत नसली तरी जमेल, कारण यात चित्र काढायचं कमी आणि माप घ्यायचं जास्त आहे.

आधी नमुन्याबद्दल बोलतो. त्यात एक ट्रेबल क्लेफ, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं ते वळणदार चिन्ह आहे, एक माईक आहे, खाली तबल्याच्या जोडीचा फोटो कापून बसवलाय, सगळ्यावर सोनेरी छटा आणि भोवती गोलात 'सूर लय ताल'. आता हे कार्डावर केवढं येणार ते बघा. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर, त्यात नाव, फोन, पत्ता, क्लासचं नाव एवढं गेलं की लोगोच्या वाट्याला रुंदीत दीड सेंटिमीटर येतो, अंगठ्याच्या नखाएवढी जागा. त्यात पाच वस्तू कोंबल्या की फोटोचा काळा डाग होतो, गोलातली अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात आणि सोनेरी छटा छापून आल्यावर मातकट पिवळी दिसते, कारण चकाकी स्क्रीनच्या उजेडाची असते, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खरं सोनेरी हवं असेल तर फॉइल लावावी लागते आणि फॉइलला बारीक रेषा झेपत नाहीत.

ट्रेबल क्लेफचं मात्र थोडं थांबून सांगतो, कारण दहातल्या आठ जणांना तो हवा असतो असा माझा अनुभव आहे, मग वाजवत काहीही असोत. ते चिन्ह म्हणजे मुळात इंग्रजी जी हे अक्षर, वळणं घेत घेत तसं झालेलं. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेषांपैकी खालून दुसऱ्या रेषेभोवती त्याचा वेढा पडतो आणि तो वेढा सांगतो की ही रेषा जी ची, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी पाच. स्वर कुठल्या रेषेवर बसतो हे सांगणारी ती खूण आहे. पियानो, व्हायोलिन, गिटार त्या लिपीतून शिकवणाऱ्याच्या कार्डावर ती शोभते, तिचा तिथे अर्थ आहे. तुम्ही 'धा धिं धिं धा' शिकवता, तुमच्या वहीत त्या पाच रेषा कधीच येत नाहीत. मग तुमच्या नावाशेजारी ती खूण कशाला? सामान्य माणसाला त्यातून 'काहीतरी संगीताचं' एवढंच कळतं, आणि जाणकार माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं की हे चिन्ह कुठूनतरी उचललंय.

तुमचं कार्ड बघणारी माणसं कोण, हे पण डोळ्यापुढे आणा. एक तर पालक, ज्यांना पोराला तबल्याला घालायचंय. आणि दुसरे गाणारे, निवेदक, कार्यक्रम ठरवणारे. दिवाळीच्या पाडव्याला पिंपळपारावर पहाटेचा कार्यक्रम संपतो, किंवा कालिदास, सायखेडकर नाट्यगृहात पडदा पडतो, लोक विंगेत येतात, कोणीतरी म्हणतं 'तुमचा नंबर द्या ना', तेव्हा त्या अर्ध्या उजेडात कार्ड हातात जातं आणि खिशात जातं. चार दिवसांनी तेच कार्ड बाकीच्या दहा कार्डांतून शोधायचं असतं. पालकांना ते तबल्याचं आहे हे एका नजरेत कळलं पाहिजे आणि गवयाला वाटलं पाहिजे की हे वाजवणाऱ्या माणसाचं आहे. दोन्ही एकाच खुणेत साधतं, आणि कसं ते मला एका वयस्कर गुरुजींनी शिकवलं.

धंद्यात नवीन होतो, तेव्हा एका तबल्याच्या क्लासचं कार्ड केलं होतं. दोन गोल, दोन्हीत मधोमध काळे ठिपके, मला वाटलं झकास जमलंय. गुरुजींनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर केला, आणि डग्ग्याच्या, म्हणजे जोडीतल्या डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याच्या गोलावर बोट ठेवून म्हणाले, 'बाळ, डग्ग्याची शाई मधोमध नसते.' मग मला आत नेलं, जोडी दाखवली. शाई म्हणजे चामड्यावरचा तो काळा गोल. तबल्याची शाई बरोबर मध्यावर, आणि डग्ग्याची एका बाजूला सरकलेली, दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान, कारण तिथे मनगट टेकवून दाबत-घासत डग्ग्याचा आवाज वर-खाली करायचा असतो. मी आयुष्यभर तबला बघत आलो होतो आणि एवढी साधी गोष्ट कधी दिसलीच नव्हती. ते कार्ड पुन्हा केलं. आणि तेव्हापासून कुठलाही वादक आला की मी आधी वाद्य आणायला सांगतो, नाहीतर त्याच्या घरी जातो, त्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

तर तुमचा लोगो तिथूनच निघतो. दोन गोल, एक मोठा एक लहान, आणि मोठ्यातली शाई सरकलेली. ती सरकलेली शाई हीच तुमची खूण. तबला माहीत नसलेल्याला पण ते दोन गोल काहीसे वेगळे, जिवंत वाटतात, कारण दोन्ही ठिपके मध्यावर असले की चष्मा किंवा घुबडाचे डोळे दिसायला लागतात, हे मी खूपदा बघितलंय. शाई सरकली की डोळे जातात आणि वाद्य येतं.

आता माप. शिंप्याचा टेप घ्या आणि तुमच्याच जोडीवर धरा, इंटरनेटवरच्या चित्रावरून काढू नका. डग्ग्याचं तोंड ९ इंचांच्या आसपास भरेल, तबल्याचं साडेपाचच्या जवळपास. तबले तुमच्याकडे दोन-तीन पट्ट्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना लागणारे असतील, उंच पट्टीच्याचं तोंड लहान आणि खालच्या पट्टीच्याचं मोठं, तर जो रोज हाताखाली असतो तो घ्या. मग शाईचा व्यास मोजा, किनारीची, म्हणजे कडेच्या चामडी पट्टीची रुंदी मोजा, आणि डग्ग्यावर शाईच्या कडेपासून किनारीपर्यंत एका बाजूला किती आणि समोरच्या बाजूला किती, ते दोन आकडे लिहून ठेवा. हे सगळं चौकटीच्या वहीत उतरवा, एक इंच म्हणजे एक चौकट. कंपासपेटीतला कंपास पुरतो. दोन गोल शेजारी शेजारी, चिकटवून किंवा अगदी थोडी फट ठेवून.

यात एक गंमतशीर हिशोब निघतो आणि तो फार कामाचा आहे. ९ आणि साडेपाच मिळून साडेचौदा इंच रुंदी झाली. कार्डावर लोगोला आपण दीड सेंटिमीटर दिलाय, म्हणजे १५ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या जोडीचा एक इंच तो कार्डावरचा एक मिलिमीटर! आता प्रत्येक गोष्टीचा निकाल आपोआप लागतो. अर्ध्या-पाऊण इंचाची किनार कार्डावर अर्धा-पाऊण मिलिमीटर होणार, ती छापून येईल. गजऱ्याचे, म्हणजे तोंडाभोवतीच्या विणलेल्या कडेचे पीळ एकेक काढलेत तर कार्डावर केसाएवढे होणार, ते भरून जातील, सोडून द्या. वाद्या (ताणायच्या चामडी पट्ट्या), गट्टे (त्यांखालचे लाकडी ठोकळे), चुंबळ (बुडाखालची गोल गादी), काहीच नको, वरून बघितल्यावर तशाही त्या धड दिसत नाहीत. शाईवर बारीक भेगांची जाळी असते ती काढायचा मोह मलाही होतो, अतिशय सुंदर असते ती, पण या मापाला ती जाणार नाही. छपाईत पाव मिलिमीटरपेक्षा बारीक काहीही ठेवू नका, आणि दोन काळ्या भागांमधली पांढरी फट तर त्याहून जरा मोठीच ठेवा, कारण छपाईची शाई कागदात पसरते आणि फटी बुजतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांवर केसाहून बारीक रेषा छापतात, त्या कोरीव प्लेटने आणि वेगळ्याच यंत्रावर छापलेल्या असतात, बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. आपलं कार्ड साध्या ऑफसेटवर किंवा स्क्रीन प्रिंटिंगला जाणार, तेव्हा त्या नोटेची बारकाई इथे मागायची नाही.

जोडी कुठल्या बाजूने दाखवायची हे पण ठरवा. उजव्या हाताच्या वादकाला वरून स्वतःची जोडी दिसते तेव्हा डग्गा डावीकडे असतो, समोर बसलेल्या श्रोत्याला तोच उजवीकडे दिसतो. दोन्ही बरोबर. मला वैयक्तिक वादकाच्या बाजूने काढलेलं जास्त आवडतं, म्हणजे तुम्ही बसता तिथून जसं दिसतं तसं, आणि शाई तुमच्या जोडीत जिकडे सरकलेली दिसते तिकडेच. डावखुऱ्या असाल तर उलटं काढा, तो तर सोन्यासारखा बारकावा आहे, अजिबात झाकू नका.

दोन गोल नको वाटले तर दुसरा रस्ता आहे अक्षराचा. 'धा'. १६ मात्रांच्या तीनतालाची सम, म्हणजे पहिली मात्रा त्याच्यावर, आणि तो बोल दोन्ही हातांनी मिळून निघतो, तबला आणि डग्गा एकदम, त्यामुळे एका अक्षरात अख्खी जोडी येते. देवनागरीत 'धा' दिसायलाही भरदार. पण सावध, ध ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि तीच त्याची ओळख, ती जोडली की घ होतो. कार्डाच्या मापाला ती फट इतकी बारीक होते की शाईने बुजते आणि तुमचा 'धा' छापून येतो 'घा'. माझ्या हातून एकदा एका छोट्या स्टिकरवर हे झालंय, हजार स्टिकर परत घेतले होते. म्हणून फॉन्टमधला ध तसाच उचलू नका, फट मुद्दाम दुप्पट करा, किंवा ध ची डोक्यावरची गाठ मोठी मोकळी काढा. टाकाने किंवा कापलेल्या बोरूने २०-३० वेळा मोठा 'धा' लिहून बघा आणि त्यातला एक निवडा, तुमच्या हाताचा असेल तर कुठल्याही फॉन्टपेक्षा तो तुमचाच वाटेल. नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडग्यांची अक्षरं आठवत असतील तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, नाव नुसतं वाचलं तरी नाटकाची जात कळायची. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण अक्षर बोलू शकतं एवढं तरी त्यातून घेता येतं.

तिसरी कल्पना तुम्ही स्वतःच लिहिलीय, सम-कालीची चिन्हं वापरू का म्हणून (काली म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा). कल्पना मला मनापासून आवडली, फक्त एक अडचण आहे. ताल लिहायच्या भातखंडे पद्धतीत समेला × आणि कालीला ० लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला १ लिहितात आणि कालीला +. आता लोगोत तुम्ही × काढला, आणि कार्ड जरा तिरकं धरलं किंवा डिझाईनमध्ये चिन्ह थोडं फिरवलं, की × चा + झाला, म्हणजे एका पद्धतीची सम दुसऱ्या पद्धतीची काली होऊन बसली. नाशकात याला जरा जास्तच महत्त्व आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम आपल्या पंचवटीतला, १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी त्यांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय मंडळाचं काम उभं केलं, आज आपल्याकडची कितीतरी मुलं त्या मंडळाच्या परीक्षा देतात. म्हणजे तुमचं कार्ड ज्यांच्या हातात जाणार त्यातल्या कितीजणांना + म्हणजे काली हे पाठ असणार. तेव्हा चिन्हं वापरायची तर ती एकटी सोडू नका, ओळीत १६ ठिपके काढा आणि पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या ठिपक्याला वेगळं करा, नववा पोकळ. चिन्हाचा वाद राहत नाही आणि तीनताल मात्र जाणणाऱ्याला लगेच दिसतो. ही ओळ मी लोगो म्हणून घेणार नाही पण, कार्डाच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी म्हणून ती फार गोड दिसेल. पुडीला, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याला वादी ओवायची घरंही १६ असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि विषय निघालाच आहे तर, मंडळाचं बोधचिन्ह तुमच्या कार्डावर छापू नका. बरेच जण छापतात, त्यात वाईट हेतू नसतो, पण ते त्या संस्थेचं आहे. 'संगीत विशारद' किंवा 'अलंकार' एवढे शब्द नावाखाली पुरेसे आहेत.

आता चाचणी. लोगो आधी फक्त काळ्यात करा. रंग, छटा, सावली काही नको. मग त्याचा रबरी शिक्का करून मिळतो तसा मनातल्या मनात करून बघा, किंवा खरंच करून घ्या, फार खर्च नाही आणि पावत्यांवर, वह्यांवर मारायला कामाला येतो. शिक्क्याला ना रंग कळतो ना छटा, त्याला फक्त आहे आणि नाही एवढंच कळतं. शिक्क्यात जो ओळखू येतो तो कार्डावर, व्हॉट्सॲपच्या डीपीत, बॅनरवर सगळीकडे येतो. ढोल पथकाचं काम वेगळं, त्यांचा लोगो टीशर्टच्या पाठीवर फूटभर येतो, तिथे झेंडा, ताशा, नाव सगळं घालता येतं, तसलं काम बघून आपल्या कार्डाचा अंदाज बांधू नका. शिवाय डीपी गोल कापला जातो, तेव्हा दोन गोलांची आडवी जोडी त्यात बसवून बघा, कडेला हवा राहतेय ना.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा लोगो करताना एक घोळ सगळेच करतात. डिझायनर नुसतं काळ्याचं पांढरं करून टाकतो. पण तबल्यात शाई काळी आणि चामडं फिकट, हे उलटलं की शाई पांढरी आणि मैदान काळं होतं, आणि मग ते वाद्य राहत नाही, फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. म्हणून गडद कागदासाठी वेगळी आवृत्ती करा, ज्यात गोल पांढरे भरलेले आणि शाई म्हणजे त्यात पाडलेलं भोक, ज्यातून मागचा गडद रंग दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण आधीच करून ठेवलं नाही तर आयत्या वेळी बॅनरवाला नुसतं उलटवून मोकळा होईल.

नावाच्या अक्षरांबद्दल. लोगोत गोल आहेत तर नाव शांत, सरळ फॉन्टमध्ये ठेवा, नावाला पण नक्षी दिली तर दोघं भांडतात. मुक्त वापराचे चांगले देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत, एक टाईपचा मुक्ता, इंडियन टाईप फाउंड्रीचा हिंद, आणि जरा पुस्तकी भारदस्त हवं तर टिरो देवनागरी मराठी. नावात ल किंवा श असेल तर नीट बघून घ्या, पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल, श येतो आणि आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो, २०२२ च्या शासन निर्णयातही तेच वळण सांगितलंय. फॉन्टमध्ये मराठीचं वळण वेगळं दिलेलं असतं कधीकधी, भाषा मराठी निवडली की ते येतं. डीटीपीवाल्याकडे जुने श्रीलिपीचे फॉन्ट असतील, ते दिसायला छान असतात, हरकत काहीच नाही, पण मग तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तो पुन्हा टाईप करणार किंवा कन्व्हर्टरमधून काढणार, तिथे रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात, म्हणून प्रूफ अक्षर न् अक्षर वाचा, फोन नंबर तर मोठ्याने वाचा.

छपाईचं. आपल्याकडे हजार मल्टीकलर कार्डांचं जे स्वस्त पॅकेज मिळतं ना, त्यात तुमचं कार्ड एकटं छापलं जात नाही, एका मोठ्या शीटवर दहा-वीस गिऱ्हाइकांची कार्डं शेजारी शेजारी लावतात, ज्वेलर, क्लिनिक, मोबाईलवाला, सगळे एकत्र. त्यामुळे रंग तुमच्यासाठी वेगळा लावता येत नाही. तुम्ही शिसवी तपकिरी निवडला तर तो कधी लालसर कधी हिरवट येईल, आणि दुसऱ्या वेळी छापलं तर पहिल्यासारखा येईलच असं नाही. यावर दोन उपाय. एक तर शुद्ध काळा घ्या, आणि काळा म्हणजे फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य. फोटोशॉपमध्ये केलेला काळा छपाईच्या रंगांत बदलला की त्यात निळा, गुलाबी, पिवळा पण मिसळतात, मग चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षरांना रंगीत सावली दिसते. दुसरा उपाय, आणि मी तुम्हाला हाच सुचवेन, लग्नपत्रिकेवाल्याकडे एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, जाड खरखरीत हातकागदासारख्या किंवा बदामी रंगाच्या बोर्डावर. बदामी कागद म्हणजे चामड्याचा रंग आपसूक मिळाला, त्यावर काळी शाई, जोडीच समोर ठेवल्यासारखी दिसते. शंभर-दोनशे कार्डंच करा, हजार लागतात कशाला, नंबर बदलतो, पत्ता बदलतो. फक्त पावसाळ्यात शाई वाळायला वेळ लागतो, घाईने गठ्ठा बांधू देऊ नका, मागच्या बाजूला डाग उमटतात.

लॅमिनेशन नकोच. मॅट असो की वेल्वेट, त्यावर साधं पेन नीट उमटत नाही. आणि तुमच्या कार्डाची मागची बाजू लिहायला लागणार, अगदी खात्रीने. कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, रिपोर्टिंगची वेळ, आणि गाणाऱ्याची पट्टी. 'काळी चार' एवढं कुणी कार्डामागे खरडून दिलं तरी तुमचा तबला कुठला न्यायचा ते ठरतं. मी एका साथीदारांसाठी मागे 'तारीख, स्थळ, पट्टी' अशा तीन पुसट ओळीच छापून दिल्या होत्या, ते सांगत होते की लोक कार्ड परत मागून घेतात लिहायला. तुम्ही पण तसं करा असं सुचवतो. क्यूआर टाकायचाच असेल तर पुढच्या बाजूला, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी मोकळी जागा, आणि फुकट साईटवरचा असा घेऊ नका की जो आधी त्यांच्या लिंकवर जातो आणि मुदत संपली की बंद पडतो. फोन नंबर आणि नाव थेट कोडातच घाला.

चारी बाजूंनी ३ मिलिमीटरच्या आत काही महत्त्वाचं ठेवू नका, कटिंगला ब्लेड थोडं इकडेतिकडे होतंच. आणि कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर तो ३ मिलिमीटर बाहेर पण काढा, नाहीतर पांढरी चिरी दिसते.

कागदावरचं कॉम्प्युटरवर कसं न्यायचं, तर इंकस्केप नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात गोल काढायला दहा मिनिटं लागतात, तुमचे आकडे टाकायचे बस. गोल एकात एक नीट बसतात का ते अलाइनने बघा, डग्ग्याची शाई तेवढी हाताने सरकवा. कोणाकडून करून घेतलंत तर कोरलड्रॉची मूळ फाईल आणि पीडीएफ दोन्ही मागून घ्या, अक्षरं कर्व्ह केलेली (टाईप न राहता आकार झालेली), म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी बदलत नाहीत, आणि एक प्रत कर्व्ह न केलेली, पुढे पत्ता बदलायला. नुसता जेपीजी घेऊन घरी आलात तर पुढच्या बॅनरच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागेल, माझ्याकडे महिन्याला दोन-तीन जण तरी असा धुरकट जेपीजी घेऊन येतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी पैसे मोजलेले असतात. ॲपमधल्या तयार चिन्हांचंही असंच, ते चित्र हजार जणांनी वापरलेलं असतं आणि उद्या तुम्हाला क्लासचं नाव आणि लोगो ट्रेडमार्क करावासा वाटला, शिकवण्याचं आणि कार्यक्रमांचं काम ४१ नंबरच्या वर्गात येतं, तर ते चित्र तुमचं म्हणून नोंदवता येत नाही. आत्ता नोंदणीची घाई काही नाही, पण चिन्ह स्वतःचं असलं की वाट मोकळी राहते.

झालं की साध्या ए४ कागदावर खऱ्या मापाचं काढा, कात्रीने कापा, पाकिटात टाकून चार दिवस फिरा. क्लासमधल्या सगळ्यात लहान पोराला विचारा हे काय आहे. मग तुमच्या गुरूंना दाखवा, आणि काही न बोलता त्यांचं बोट कुठे जातं ते बघा. माझ्या त्या प्रूफवर गेलं होतं तसं शाईवर गेलं आणि तिथून ते हसले, तर छापायला द्या.

आज रियाझाला बसाल तेव्हा टेप जवळ ठेवा. डग्ग्याची शाई एका बाजूने किनारीपासून किती आणि दुसऱ्या बाजूने किती, हे दोन आकडे आणि तबल्याचं तोंड एवढं लिहून पाठवा, चौकटीच्या कागदावर पहिला कच्चा खर्डा मी काढून देतो.